तिसऱ्या रकान्यातलं नाव

३ मार्च, सोमवार

दादा कंपनी विकतो आहे. याबद्दल कोणाजवळ अवाक्षर काढणार नाही असं आज सकाळी सही करून दिलंय. म्हणून बोलत नाही, लिहिते आहे. ऑफिसच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये गाडीत बसले आहे. वही लेकीची आहे, भूगोलाची. तीन पानं वापरून तिने टाकून दिली होती.

दादा माझा सख्खा भाऊ, चार वर्षांनी मोठा. अकरा वर्षांपूर्वी त्याने चांगली नोकरी सोडली आणि मला म्हणाला, चल, रक्तपेढ्यांसाठी सॉफ्टवेअर करू. कुठल्या पेढीत कुठल्या गटाच्या किती पिशव्या आहेत, कुठल्या पिशवीची मुदत कधी संपते, कोणाकडून कोणाला पाठवायची, सगळं एका पडद्यावर दिसायला हवं. तेव्हा आम्ही तिघं होतो. दादा, मी आणि आजोबा. आजोबा म्हणजे आमचे आजोबा नव्हेत. आमच्यातले सगळ्यात जुने प्रोग्रॅमर. ते सत्तेचाळिसाव्या वर्षीसुद्धा स्वेटर घालून, चष्मा दोरीला बांधून यायचे, म्हणून मीच ते नाव ठेवलं. आज माझ्या हाताखाली नऊ जण आहेत आणि दोनशेहून जास्त पेढ्या आमच्यावर विसंबून आहेत. मी दादाला दादा म्हणते म्हणून सगळं ऑफिस त्याला दादा म्हणतं आणि मला ताई.

दादा म्हणाला, "घेणारी कंपनी मोठी आहे. त्यांना आपलं सॉफ्टवेअर हवंय आणि आपली माणसंही हवीत. कोणाच्या केसाला धक्का लागणार नाही."

"नक्की?"

"तुला खोटं सांगेन का मी?"

तो कधी खोटं बोललेला मला आठवत नाही. लहानपणी माझी सायकल त्याने मोडली होती आणि दोन महिने सांगितलं नव्हतं. पण मी विचारलंच नव्हतं, त्यामुळे ते खोटं धरता येणार नाही.

५ मार्च, बुधवार

नवऱ्याला सांगून टाकलं. दोन दिवस कळ काढली, माझ्या मानाने पुष्कळ झालं. तो जनावरांचा डॉक्टर आहे. म्हणाला, "माझ्याकडून बाहेर जाणार नाही. माझ्या पेशंटांपैकी तर कोणीच बोलत नाही." मग भाजी चिरता चिरता त्याने विचारलं, "तुला आत्ता का सांगितलं? व्यवहार ठरायच्या आधी की ठरल्यावर?"

आधी, असं मी म्हटलं. अर्थात आधीच. नाहीतर मला विचारलं कशाला असतं?

नंतर आठवून पाहिलं. दादाने मला काही विचारलं नव्हतं. सांगितलं होतं.

१० मार्च, सोमवार

आज टीमला सांगितलं. दादा पाच मिनिटं बोलला आणि त्याला फोन आला म्हणून बाहेर गेला. पुढचं सगळं माझ्या गळ्यात.

नऊ चेहरे माझ्याकडे. कविराजने विनोद करायचा प्रयत्न केला, कोणी हसलं नाही. कविराज म्हणजे आमच्या सॉफ्टवेअरमधले सूचनांचे मजकूर लिहिणारा. दुसरीकडे कुठे 'चूक झाली' एवढंच येतं, आमच्याकडे 'क्षमस्व, ही पिशवी आत्ताच दुसऱ्या कोणाच्या तरी कामाला निघाली' असं येतं. पेढीतल्या बायका त्याला फोन करून सांगतात की तुमची चूक वाचून बरं वाटलं.

प्रश्न विचारला तो शंकाने. शंका हे तिचं ऑफिसातलं टोपणनाव, ती टेस्टर आहे. दुसऱ्याच्या कामातली खोट काढायचा पगार घेते आणि तो हलाल करते. "ताई, नोकऱ्या राहणार का?"

"राहणार. मी शब्द देते."

"तुमचा शब्द की दादांचा?"

"एकच आहे," मी म्हटलं.

तिने वहीत काहीतरी लिहून घेतलं. अशी सवय आहे तिला, दर मीटिंगला लिहिते. तरी आज मला ते आवडलं नाही.

१४ मार्च, शुक्रवार

घेणाऱ्या कंपनीचा माणूस आला. तिशीचा असेल. अतिशय सभ्य, दार उघडून धरणारा. पहिल्याच तासात त्याने खुर्च्या, कॉम्प्युटर, करार, माणसं सगळं मोजलं. मी मनातल्या मनात त्याला मापाडी म्हणायला लागले आणि जेवणापर्यंत ते नाव ऑफिसभर झालं होतं. माझ्याच तोंडून सुटलं असणार.

त्याने मला एक तक्ता दिला आहे भरायला. चार रकाने. काम कुठलं. ते कोणाला येतं. आणखी कोणाला येतं. नव्या माणसाला शिकायला किती दिवस लागतील.

"म्हणजे तुमच्या टीमची ताकद आम्हाला कळेल," असं म्हणाला.

हे ऐकून मला खरंच आनंद झाला. पाच वर्षं मी याच एका गोष्टीसाठी भांडते आहे. कोणी आजारी पडलं, कोणाच्या घरी लग्न निघालं तर काम अडता कामा नये. प्रत्येकाला दुसऱ्याचं काम यायला हवं. आता ते कोणीतरी विचारतंय.

१६ मार्च, रविवार

दिवसभर तक्ता भरला. एकेक ओळ भरताना मान ताठ होत होती. जवळजवळ प्रत्येक कामाला दुसरं नाव आहे, काहींना तिसरंसुद्धा. चौथ्या रकान्यातले दिवस बहुतेकांचे मीच ठरवले, आठ दिवस, बारा दिवस, फार तर वीस. खाली 'विशेष' म्हणून जागा होती तिथे लिहिलं: आमच्या टीममध्ये कोणाचंही काम कोणीही सांभाळू शकतं.

आपापली ओळ आधी ज्याने त्याने भरून द्यायची होती. शंकाने स्वतःच्या ओळीत 'आणखी कोणाला येतं' यापुढे 'कोणालाच नाही' लिहिलंय आणि दिवसांच्या जागी 'दोनशे, तरीही खात्री नाही'. फोन करून झापलं तिला. म्हटलं, असं लिहिलंस तर मी तुम्हाला काही शिकवलंच नाही असं दिसेल. ती म्हणाली, "दिसू दे ना ताई." बदलायला तयार नाही. तसंच ठेवलं.

नवरा मागे उभा राहून वाचत होता. "गाय विकायला काढली की असंच लिहून देतात," म्हणाला. "दूध किती, दात किती, कोणाच्याही हाताने दूध देते की नाही."

मी म्हटलं, तुला सगळीकडे जनावरंच दिसतात.

२१ मार्च, शुक्रवार

दादाने तक्ता पाहिला. खूश झाला. पण एका ओळीवर बोट ठेवून थांबला. आजोबांच्या ओळीवर.

आमच्या सॉफ्टवेअरचा जीव म्हणजे जुळणी. एखाद्या पेढीने रक्त मागितलं की आजूबाजूच्या दोनशे पेढ्यांतून नेमकी कुठली पिशवी निघायची हे ती ठरवते. गट, मुदत, अंतर, कोणासाठी राखीव, सगळं पाहून. ती आजोबांनी एकट्याने लिहिली आणि त्यांच्याशिवाय कोणी तिला हात लावत नाही. तिसऱ्या रकान्यात मी प्रामाणिकपणे रेघ मारली होती.

"ही रेघ पाहून ते घाबरतील," दादा म्हणाला. "सगळं एका अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाच्या डोक्यात. उद्या त्यांना काही झालं तर?"

"मग काय करू?"

"तू शिकून घे. तुझ्याइतकं लवकर कोण शिकणार? तीन आठवडे बस त्यांच्याशेजारी आणि तिसऱ्या रकान्यात तुझं नाव घाल."

बरोबर आहे त्याचं. मलाच हे आधी सुचायला हवं होतं.

४ एप्रिल, शुक्रवार

दोन आठवडे रोज सकाळी नऊ ते एक आजोबांच्या शेजारी बसते आहे. पहिल्या दिवशी मी सांगितलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "कशासाठी?" विचारलं. मी म्हटलं, तुमच्यावरचा भार कमी व्हावा म्हणून. त्यांनी शेजारची खुर्ची ओढून दिली.

शिकवतात मात्र जीव ओतून. प्रत्येक नियमामागे एक माणूस आहे. "हा नियम का? तर एका पेढीतल्या माणसाने रविवारी पिशवी राखून ठेवली आणि सोडायला विसरला. सोमवारी तीच पिशवी हवी होती एका बाळंतिणीला." असे एकशे चाळीस नियम, आणि एकशे चाळीस गोष्टी. मी सगळं लिहून घेते. मध्येच ते थांबतात आणि मला तेच उलट समजावून सांगायला लावतात. चुकले की पहिल्यापासून.

इतकी वर्षं बरोबर काम केलं, पण इतकं बोललो नव्हतो. त्यांच्या बायकोचे गुडघे गेले आहेत, वरच्या मजल्यावरचं घर सोडून तळमजल्यावर घर बघताहेत. हे मला आत्ता कळलं.

९ एप्रिल, बुधवार

आज संपलं. आजोबांनी कागदावर एक अवघड मागणी लिहून दिली आणि म्हणाले, जुळव. मी हाताने जुळवली, मग कॉम्प्युटरने. दोन्हीकडे तीच पिशवी निघाली.

"आलं तुला," ते म्हणाले.

मी तक्त्यातली रेघ पुसली आणि तिसऱ्या रकान्यात माझं नाव लिहिलं, त्यांच्यासमोरच. त्यांना बरं वाटेल असं वाटलं होतं. ते उठून पाणी प्यायला गेले ते जेवणापर्यंत परत आले नाहीत. दमले असतील. दोघंही दमलो आहोत.

१३ एप्रिल, रविवार

दादाकडे जेवायला गेलो होतो. आई त्याच्याकडे असते. वहिनीने नवीन पडदे केलेत. दादा आज फार मोकळा, माझ्या लेकीला खांद्यावर घ्यायला निघाला होता, ती बारा वर्षांची आहे हे विसरून.

निघताना आई माझ्या कानाशी म्हणाली, "तुझं तीन वर्षांचं पक्कं झालं ते फार बरं झालं. आता कुठे जाऊ नकोस. दादाचं सगळं तुझ्यावर आहे."

"कसली तीन वर्षं?"

आई दादाकडे बघायला लागली. दादा म्हणाला, "अगं, फ्रीजची वॉरंटी. तिचा घोटाळा होतो हल्ली."

गाडीत नवरा म्हणाला, "आईंचा घोटाळा होताना मी तरी कधी पाहिला नाही."

मला आईची काळजी वाटते आहे. एकदा डॉक्टरला दाखवायला हवं.

२२ एप्रिल, मंगळवार

क्रमाने लिहिते.

सकाळी दहाला सगळ्यांना मोठ्या खोलीत बोलावलं. दादाने सांगितलं, व्यवहार पूर्ण झाला. 'आपण एका मोठ्या कुटुंबाचा भाग होतो आहोत' असं म्हणाला. टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या. मग मापाडी मला बाजूच्या खोलीत घेऊन गेला आणि दोन पाकिटं समोर ठेवली.

पहिल्यात माझं पत्र. तीन वर्षं मी कंपनी सोडणार नाही, अशी हमी कंपनीच्या आधीच्या मालकाने दिली आहे. म्हणजे दादाने. त्या हमीवर त्याला नव्या कंपनीत मोठी जागा मिळाली आहे.

दुसऱ्यात यादी. नऊपैकी तीन राहणार, सहा जाणार. पहिलंच नाव आजोबांचं. पुढे कारण: पर्यायी व्यक्ती उपलब्ध. शेवटी कविराज. ठेवलेल्या तिघांत शंका, कारण: पर्याय नाही. यादीला माझा तक्ता जोडलेला. 'कोणाचंही काम कोणीही सांभाळू शकतं' याच्याखाली कोणीतरी रेघ ओढली होती.

"हे चुकलंय," मी म्हटलं. "मी हे यासाठी लिहिलं नव्हतं."

मापाडी खरोखर गोंधळला. त्याचा चेहरा खोटं बोलणाऱ्याचा नव्हता. "मॅडम, सहाचा आकडा तर जानेवारीतच ठरला होता. कोण सहा, एवढंच तक्त्यावरून ठरवायचं होतं. मी तुमच्या भावाला विचारलं होतं, बहिणीला कल्पना दिलीत का? ते म्हणाले, तिला सगळं माहीत आहे, यादी तीच करते आहे."

मग हळूच म्हणाला, "तुम्हाला माहीत नव्हतं?"

त्याने पाण्याचा ग्लास माझ्याकडे सरकवला. गुरुवारी सहाही जणांना मीच सांगायचं आहे. तुमच्याकडून ऐकलं तर त्यांना सोपं जाईल, असं म्हणाला.

२३ एप्रिल, बुधवार

दादाच्या केबिनमध्ये गेले. दार लावलं. रात्रभर जुळवलेल्या वाक्यांपैकी ऐनवेळी एकही आठवलं नाही.

"जानेवारीत ठरलं होतं?"

"बस ना आधी."

"जानेवारीत ठरलं होतं का?"

"हो." त्याने टेबलावरचे कागद उगाच सारखे केले. "हे बघ, कंपनी वर्षभर टिकली नसती. तुला सगळं सांगत नव्हतो मी. नऊच्या नऊ रस्त्यावर आले असते. तीन वाचवले. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?"

"विचारलं असतं."

"कोणाला?"

"मला. तू मला विचारायचं होतंस, दादा."

"विचारलं असतं तर तू तो तक्ता लिहिला नसतास."

हे तो इतक्या सहज म्हणाला. जणू हेच त्याच्या बाजूने होतं.

"आणि माझी तीन वर्षं? ती कोणाला विचारून दिलीस?"

"तुझ्याच भल्यासाठी. इतरांच्या नोकऱ्या जाताहेत आणि मी तुझी पक्की करून घेतली. भाऊ म्हणून आणखी काय करायचं असतं?"

त्याला खरंच वाटत होतं की मी उपकार मानायला हवेत. तो लबाडी करत असता तर चिडता तरी आलं असतं.

आईलाही माहीत होतं. वहिनीलाही. पडदे सुद्धा आता वेगळे दिसताहेत डोळ्यांपुढे.

२४ एप्रिल, गुरुवार

सहा जणांना सांगितलं. एकेकाला लहान खोलीत बोलावून.

ठरवलं होतं की तक्ता प्रत्येकाच्या हातात द्यायचा. हे मी लिहिलं, यावरून ठरलं, मला कशासाठी ते माहीत नव्हतं. एवढं तीन वाक्यांत सांगायचं आणि सबबी सांगायच्या नाहीत. पहिल्या चौघांना सांगून झालं तेव्हा लक्षात आलं की तिसरं वाक्य कोणाच्या कानापर्यंत पोचतच नाही. लिहिलं म्हटलं की त्यांची नजर बदलायची.

कविराजने तक्ता शेवटपर्यंत वाचला. "ताई, माझं काम शिकायला आठ दिवस?"

"तू हुशार आहेस, तू चांगलं लिहून ठेवलंयस सगळं, म्हणून."

"हो," म्हणाला, "तुम्हीच सांगितलं होतंत नीट लिहून ठेवायला."

आजोबांना शेवटी बोलावलं. ते आधीच आवरून आले होते, स्वेटर हातावर घेऊन. तक्ता त्यांनी घेतला नाही.

"तुम्हाला माहीत होतं?"

"तू कशासाठी शिकते आहेस म्हणालीस ना, तेव्हा संशय आला. तिसऱ्या रकान्यात नाव लिहिलंस तेव्हा खात्री झाली."

"मग मला थांबवलं का नाहीत? शिकवलंत कशाला?"

"मला वाटलं, तुलाही माहीत आहे." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "म्हटलं, जाणूनबुजून बसली आहे शेजारी, तर अर्धवट शिकून उठू नये. पेढ्या चालायला हव्यात."

अडीच आठवडे. रोज चार तास. हा माणूस माझ्याबद्दल हे मनात ठेवून मला शिकवत होता, आणि मी त्याला म्हणत होते की तुमचा भार कमी करते आहे.

"आजोबा, मला माहीत नव्हतं. शप्पथ."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. चष्मा न घालता पाहिलं, त्यामुळे त्यांना कितपत दिसलं कोणास ठाऊक.

"असेल," म्हणाले. आणि स्वेटर घालून निघाले.

२८ एप्रिल, सोमवार

सहा टेबलं रिकामी. कविराजच्या खुर्चीवर कोणीतरी प्रिंटर आणून ठेवलाय.

शंकाशी बोलायला गेले. म्हटलं, तू तरी राहिलीस. ती कॉम्प्युटरवरून मान न वळवता म्हणाली, "मी खोटं लिहिलं म्हणून राहिले, ताई. माझं काम कविराजला पंधरा दिवसांत आलं असतं. त्याने खरं लिहिलं."

शनिवारी गेलेले सहाही जण आणि ती कुठेतरी जेवायला भेटले होते. तिच्या फोनवर फोटो होता, सातजणांचा. आजोबा मध्ये. मला कोणी बोलावलं नव्हतं. बोलावतील असं मला का वाटत होतं, हेच कळत नाही.

२ मे, शुक्रवार

राजीनामा दिला. चार ओळी. मापाड्याने वाचला आणि म्हणाला, "तीन वर्षांची हमी आहे." मी म्हटलं, "ती माझ्या भावाने दिलीय. माझी सही दाखवा कुठे आहे ती." त्याने कागद चाळले. सही नव्हती.

त्याने फक्त एक मागितलं, महिनाभर थांबून जुळणी त्यांच्या माणसांना शिकवावी. नाही म्हणणं शक्यच नव्हतं. ते दादासाठी नव्हतं.

घरी सांगितलं तेव्हा नवऱ्याने एवढंच विचारलं, "हे शिक्षा म्हणून करते आहेस की सुटका म्हणून?"

११ मे, रविवार

दादा आईला घेऊन आला. एकटा आला असता तर दार उघडलं नसतं, हे त्याला माहीत होतं.

आई सोफ्यावर बसली, पर्स मांडीवर घट्ट धरून. "भावाची जागा जाईल तुझ्यामुळे. एवढा राग बरा नव्हे. घरातली गोष्ट घरात मिटवायची."

"आई, तू मला फ्रीजच्या वॉरंटीवर सोडून दिलंस."

"मी काय करणार? त्याने सांगू नको म्हटलं होतं."

"मग त्याचं ऐकलंस. माझा विचार केलास?"

आईने पर्सचा बंद उघडला, लावला. "तुझा काय विचार करायचा?" म्हणाली. "तू समजूतदार आहेस पहिल्यापासून."

हे मी आयुष्यभर कौतुक म्हणून ऐकत आले. आज पहिल्यांदा कळलं की ती एक सोय होती. मला सांगावं लागत नाही, मला विचारावं लागत नाही, कारण मी समजून घेते.

दादा दारापाशी थांबला. "मी काय तुझा शत्रू आहे का?"

"नाहीस," मी म्हटलं. "शत्रू असतास तर तू दिलेला कागद मी दोनदा वाचला असता."

त्याचे डोळे भरून आले होते. ते खोटं नव्हतं, आणि तरी मला त्याला आत बोलवावंसं वाटलं नाही. ते गेल्यावर लेक म्हणाली, "मामा रडत होता?" मी म्हटलं, हो. "तू काय केलंस त्याला?"

३० मे, शुक्रवार

शेवटचा दिवस. महिनाभर पडद्यावरच्या चार चेहऱ्यांना एकशे चाळीस नियम शिकवले. नियम लिहून घेतले त्यांनी. गोष्टी सांगायला लागले की म्हणायचे, पुढे जाऊया.

मापाडी खाली गाडीपर्यंत सोडायला आला. दार उघडून धरलं.

९ जून, सोमवार

सकाळी दहाच्या सुमाराला फोन वाजला. एका लांबच्या छोट्या हॉस्पिटलच्या पेढीतली बाई. नऊ वर्षांची ओळख, कधी भेटलो नाही. माझा घरचा नंबर तिच्या भिंतीवर लिहिलेला आहे.

"ताई, ओ निगेटिव्हची पिशवी समोर फ्रीजमध्ये आहे, पण पडद्यावर राखीव दाखवतंय. शनिवारीच सुटायला हवी होती. सोडल्याशिवाय मला देता येत नाही. अपघाताची केस टेबलावर आहे. तुमच्या मदतीच्या नंबरवर फोन केला तर तक्रार नोंदवून घेतली आणि म्हणाले, उद्यापर्यंत बघतो."

माझ्याकडे आता काही उघडत नाही, पासवर्ड बंद झालाय, हे तिला सांगून उपयोग नव्हता. डोकं चालवलं. राखीव पिशवीचे सगळे नियम आठवले, सगळे बरोबर होते, आणि तरी पिशवी सुटत नव्हती. म्हटलं, दोन मिनिटं द्या, आणि आजोबांना फोन लावला. २४ एप्रिलनंतर पहिल्यांदा. उचलतील असं वाटलं नव्हतं. दुसऱ्या रिंगला उचलला.

मी कशी आहे, ते कसे आहेत, काही नाही. सरळ सांगितलं. पलीकडे सामान सरकवल्याचे आवाज येत होते.

"त्यांनी कॉम्प्युटर बदललाय का एवढ्यात?" त्यांनी विचारलं.

दुसऱ्या फोनवरून बाईला विचारलं. हो, शुक्रवारी नवा आला.

"मग त्याची तारीख बघायला सांग. मागे असणार. त्याच्या लेखी अजून शनिवार उजाडलाच नसेल. तारीख बरोबर करायची, बंद करून चालू करायचा."

बाईने केलं. चार मिनिटं लागली. ती चार मिनिटं आम्ही दोघं फोन धरून होतो. मग तिकडून ती ओरडली, "सुटली, ताई, सुटली," आणि फोन तसाच टाकून पळाल्याचा आवाज आला.

"सुटली," मी आजोबांना सांगितलं.

"बरं झालं."

"हे तुम्ही मला शिकवलं नव्हतंत."

"नव्हतं," ते म्हणाले. "सगळं कुठे शिकवून होतं?"

मला खूप काही बोलायचं होतं. तळमजल्यावरचं घर मिळालं का, गुडघे कसे आहेत, मी सोडलं हे तुम्हाला कळलं का. मी तोंड उघडायच्या आत ते म्हणाले, "त्या बाईंना माझा नंबर देऊन ठेव. पुढच्या वेळी थेट मला विचारतील. मध्ये तू नको." आणि फोन ठेवला.

रागाने म्हणाले की नुसतं सोयीचं म्हणून, ते त्यांच्या आवाजावरून कळलं नाही. दोन तास तेच एक वाक्य घोळवते आहे.

दुपारी बाईचा फोन आला, पेशंट सावरतो आहे सांगायला. मी तिला आजोबांचा नंबर दिला. तिने लिहून घेतला आणि विचारलं, "मग आता तुम्हाला फोन करायचा नाही का, ताई?"

"नको," मी म्हटलं. "त्यांनाच करा. ती जुळणी त्यांनीच केलीय."